सहाव्या बोटाची जागा

माझ्या डाव्या पायाला सहा बोटं आहेत. हे आधीच सांगून टाकते, कारण बोलता बोलता मध्येच कुणाच्या लक्षात आलं की त्या माणसाचं लक्ष माझ्या बोलण्यावरून उडतं आणि मग मला राग येतो. करंगळीच्या बाहेरच्या बाजूला ते बोट आहे. करंगळीएवढंच, जरासं बाहेर वळलेलं, नखासकट. ते दुखत नाही, खुपत नाही. त्याची अडचण मला कधी झाली नाही. झाली ती चपला-बूट विकणाऱ्यांना आणि आमच्या आईला.

आम्ही तेव्हा बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहायचो. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. दिवसभर मशीनच्या भागांची चित्रं काढायची आणि घरी येऊन गप्प बसायचं, असा त्यांचा स्वभाव. आई मात्र बोलून घर दणाणून सोडायची. दर जूनमध्ये ती मला बुटांसाठी उल्हासनगरला घेऊन जायची. दुकानदार म्हणायचा, दोन नंबर मोठा घ्या. मग उजवा पाय बुटात पोहायचा आणि डावा तरीही चेंगरायचाच. एका वर्षी आईने डाव्या कॅनव्हासच्या बुटाला ब्लेडने बाजूला खिडकी कापली, कडा उसवू नयेत म्हणून तिला काजासारखे टाके घातले आणि मला शाळेत पाठवलं. पीटीच्या रांगेत माझं बोट त्या खिडकीतून बाहेर बघतंय आणि अख्खा वर्ग बोटाकडे बघतोय. पुढच्याच शनिवारी मी ते बूट शाळेत विसरून आले, अगदी ठरवून. त्यानंतर शाळेतल्या आणि कॉलेजातल्या सगळ्या शर्यती मी अनवाणी धावले आणि बहुतेक जिंकले.

घरात त्या बोटाचा विषय कुणी काढत नसे. बाहेरचे काढत. नवरात्रात कुमारिका म्हणून जेवायला बोलावलं की पाय धुताना त्या घरची बाई डाव्या पायाशी एक क्षण थांबायची, मग उगाच म्हणायची, ‘भाग्याचं असतं हो.’ भाग्याचं असेल तर थांबलीस कशाला, असं मला विचारावंसं वाटे. आई माझ्याकडे डोळे वटारून बघत असायची, म्हणून गप्प बसायचे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी एकवीस वर्षांची होते, बीए झाले होते आणि मला खेळाची शिक्षिका व्हायचं होतं. दुसरं काही सुचतच नव्हतं. त्या कोर्सला घेण्याआधी धावण्याची चाचणी असे, मैदानाला चार फेऱ्या, ठरलेल्या वेळात. मी फॉर्म आणला, माहितीपत्रक वाचलं आणि शेवटच्या पानावर अडकले. मैदानावर खडी असल्याने अनवाणी उमेदवाराला धावू दिलं जाणार नाही, पादत्राणे आवश्यक, असं तिथे लिहिलं होतं.

‘बरं झालं,’ आई म्हणाली. ‘आता तरी ते बोट काढून टाकू.’

तिच्या मनात ते बरेच दिवस होतं. त्याच हिवाळ्यात एक स्थळ आलं होतं. पोहे खाऊन झाल्यावर मुलाच्या मावशीने मला जरा चालून दाखवायला सांगितलं आणि परत जाताना ती मंडळी माझ्या पायांना नमस्कार करावा तशी खाली बघत गेली. उत्तर आलं नाही. आईने अंबरनाथच्या डॉक्टरांना पाय दाखवला होता. त्यांनी सांगितलं, सोपं ऑपरेशन आहे, पण बोट हाडाला जोडलेलं आहे, तीन महिने धावणं बंद. म्हणजे त्या वर्षीचा प्रवेश गेला. ‘पुढच्या वर्षी जा की,’ आई म्हणाली. पुढच्या वर्षी म्हणजे लग्न, हे मलाही कळत होतं आणि तिलाही.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. सुरीची वाटत होती, वर्ष जाण्याची वाटत होती. पण भीती वाटते म्हणणं मला जमत नाही, म्हणून मी भांडले. ‘माझं बोट आहे. मी ठेवणार.’ आई म्हणाली, ‘ठेव, आणि जन्मभर स्लीपर घालून फिर.’ दोन दिवस आम्ही एकमेकींशी भांडी आदळून बोलत होतो.

तिसऱ्या दिवशी बाबांनी पेपर खाली ठेवला. ‘मिळत नसेल तर बनवू,’ ते म्हणाले.

‘काय बनवू?’ आईने विचारलं.

‘तिच्या पायात घालायचं काहीतरी. सपाट, मागे पट्टा असलेलं. सँडल.’

‘तुम्ही?’

‘मी.’

शेवटी असं ठरलं: आम्ही बनवलेल्या सँडलवर मी चाचणी पास झाले, तर बोट राहील आणि त्याचं नाव आई पुन्हा काढणार नाही. नाही झाले, तर चाचणीनंतरच्या सोमवारी ऑपरेशन, आणि मी हूं की चूं करणार नाही. आईने दुसऱ्याच दिवशी जाऊन हॉस्पिटलातून तो सोमवार पक्का करून आणला. सँडल जमणार नाही याची तिला खात्री होती. आमच्या हातात पाच आठवडे होते.

बाबांनी रविवारी सकाळी फरशीवर ड्रॉइंगचा कागद अंथरला, मला त्यावर उभं केलं आणि उजव्या पायाभोवती पेन्सिल फिरवली. मग तो कागद टेबलावर लावून दुपारभर बसले. पायाच्या कडेची प्रत्येक वाकडी रेषा त्यांनी फ्रेंच कर्व्हची वळणदार पट्टी लावून गुळगुळीत केली, मध्यरेषा काढली, पट्ट्यांच्या भोकांना मापं घातली. कारखान्यातून भंगारात निघालेला कन्व्हेयरच्या पट्ट्याचा एक तुकडा त्यांनी गेटपास करून आणला होता. काळा, जाड, रबर आणि कॅनव्हासच्या थरांचा. स्टेशनजवळच्या चांभारकाकांकडून कापायची रापी आणि भोकं पाडायची आरी उसनी आणली. पुढचे तीन दिवस कामावरून आले की कापाकापी चाले आणि घरभर रबराचा वास.

जोड तयार झाला. मी उजवा पाय घातला आणि हसायलाच लागले, इतका तो बरोबर बसला. मग डावा घातला. सहावं बोट रबराच्या कडेवरून बाहेर, थेट फरशीवर टेकलेलं.

‘बाबा, डावा पाय मापलात कधी?’

त्यांनी टेबलाकडे बघितलं. मी टेबलावरचा कागद बघितला. एकच पाय होता, उजवा. खाली त्यांच्या छापील वाटणाऱ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘एक दाखवल्याप्रमाणे, एक उलट.’ ड्रॉइंग ऑफिसात ही रोजची पद्धत. मशीनच्या डाव्या-उजव्या बाजूचे भाग सारखेच असतात, म्हणून एकच काढायचा आणि दुसरा आरशातल्यासारखा समजायचा. कागद वाचतो, वेळ वाचतो. वीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं, आणि आता माझ्या पायांचंही तेच केलं.

माझं डोकंच फिरलं. जगाचं एक वेळ मी समजू शकत होते, पण ज्या पायासाठी हा सगळा खटाटोप, नेमका तोच पाय बाबांनी मापला नव्हता! मी डावा सँडल काढला आणि फेकला. तो माठाच्या तिवईला लागला. माठ वाचला. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, ‘मी म्हणत नव्हते?’

‘सवय आहे गं,’ बाबा म्हणाले. ‘हात आपोआप तसं लिहितो.’ मग चष्मा पुसत, ‘आणि तुझ्या त्या पायाकडे बघायचीही मला सवय नाही. तू लहान होतीस तेव्हा ठरवलं होतं, आपण बघितलं की पोरीला वाईट वाटेल. म्हणून कधी बघितलंच नाही.’

मला रडू येत होतं आणि रागही जात नव्हता. बाबांनी नवा कागद अंथरला, स्वतः फरशीवर मांडी घालून बसले आणि माझी डावी टाच हातात धरली. मी पाय मागे ओढला. बापाने लेकीचे पाय धरायचे म्हणजे काय!

‘बाबा, पाय नका ना धरू.’

‘सरळ उभी राहा. वजन दोन्ही पायांवर ठेव.’

पेन्सिल टाचेकडून निघाली, बाहेरच्या कडेने वर आली आणि सहाव्या बोटाला वळसा घालताना सावकाश झाली. गुदगुल्या झाल्या. बाबांनी मान वर न करता विचारलं, ‘हे दुखतं का कधी?’ एकवीस वर्षांत त्यांनी मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला होता.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘कधीच नाही.’

‘बरं,’ ते म्हणाले. सहावं बोट सोडूनही माझा डावा पाय उजव्यापेक्षा एक सूत लांब निघाला. या वेळी त्यांनी फ्रेंच कर्व्ह काढला नाही. रेषा जशी आली तशी ठेवली, बोटाच्या फुगवट्यासकट.

दुसरा जोड त्या रेषेवर कापला. जागा बरोबर झाली, पण सँडल भयंकर जड होते. पहाटे नदीच्या पुलाकडे धावत निघाले तर फटाक फटाक असा आवाज आणि मागे तीन कुत्री. अंगठ्याजवळचा पट्टा सोलच्या भोकातून खाली घेऊन बाबांनी तळाला गाठ मारली होती. पूल ओलांडून बारवी धरणाच्या रस्त्याला लागले आणि ती गाठ घासून सुटली. सँडल पायातून निघून पुढे गेला, मी मागे राहिले. एक सँडल पायात आणि एक हातात, अशी परत निघाले. चाचणीला चार आठवडे उरले होते आणि मला ऑपरेशनचा सोमवार दिसायला लागला होता.

पुलाजवळ बारवीकडच्या पाड्यावरचे एक आजोबा टोपल्या घेऊन बसलेले असत. मे महिन्यात शेजारी त्यांची बायको करवंदं आणि जांभळं मांडायची. आजोबांनी मला बघितलं आणि खुशाल हसले.

‘काय गं पोरी, चप्पल हातात नं पाय उघरा?’

‘तुटली,’ मी फटकन म्हटलं.

त्यांनी सँडल मागून घेतला, दोन्ही हातांनी वाकवायला बघितला. तो वाकला नाही. ‘ही चप्पल हाय का फली?’ त्यांनी सोल उलटा केला, सुटलेल्या गाठीवरून बोट फिरवलं. ‘गाठ खाली नाय ठेवायची. जमीन गाठीला खाते.’ मग स्वतःच्या पायातली काढून दाखवली. ट्रकच्या जुन्या टायरची होती, झिजून झिजून पातळ झालेली. पट्टा सोलच्या कडेला पाडलेल्या चिरांतून आडवा ओवलेला, तळाला काहीच नाही. अंगठ्याजवळही तसंच, दोन बारीक चिरा. त्यांनी ती मुठीत दुमडून दाखवली.

‘आजोबा, यात पळता येतं तुम्हाला?’

‘पलतो तर! डोंगर उतरताना कोन चालतं?’

मग त्यांची नजर माझ्या डाव्या पायावर गेली. मी तयारीतच होते, भाग्याचं वगैरे काही म्हणाले तर काय उत्तर द्यायचं याच्या. ते खाली वाकून नीट बघत राहिले. ‘पट्टा या बोटाच्या मागनं घे,’ म्हणाले. ‘पुढनं घेतलास तर सोलून काढल.’ आणि सँडल माझ्या हातात देऊन ते टोपलीकडे वळले. मी पावशेर करवंदं घेतली. नको होती, पण घेतली.

घरी येऊन सांगितलं तर बाबा जरा दुखावले. गाठीची जागा त्यांनी मिलिमीटरमध्ये काढली होती. पण सँडल हातात घेऊन त्यांनीही तो वाकवून बघितला आणि म्हणाले, ‘बरोबर आहे म्हाताऱ्याचं.’ कन्व्हेयरच्या उरलेल्या पट्ट्याचे थर सोलून तो पातळ करायचा, असं ठरलं. रापीने कडेला चीर देऊन कॅनव्हासचा एक पदर सुटा करायचा, पकडीत धरायचा आणि ओढायचा. मी पट्ट्याच्या एका टोकावर बसले, बाबांनी दुसऱ्या टोकाला पकड लावली. पदर बोटभर सुटला आणि थांबला. बाबा लाल झाले, मी पट्ट्यासकट फरशीवरून त्यांच्याकडे घसरत गेले, पदर काही हलेना. आई दारात उभी राहून बघत होती.

‘सरका,’ ती म्हणाली. तिने साडीचा पदर खोचला, पकड बाजूला ठेवली, कॅनव्हासचं टोक हाताला दोन वेढे देऊन गुंडाळलं आणि चादर पिळताना लावते तसा जोर लावला. चर्र करून अख्खा पदर निघून आला. तिने एकामागून एक तीन पदर काढले. मग हात झटकून म्हणाली, ‘माझा याला काही पाठिंबा नाही हं,’ आणि पोळ्या लाटायला निघून गेली. आम्ही दोघं हसलो, आवाज न करता.

पट्ट्यांसाठी मी उल्हासनगरला गेले. कॅम्पातल्या एका गल्लीत बॅगांचं सामान मिळायचं, नवार, बकलं, चेन. दुकानात एक सिंधी काका गादीवर बसलेले. मी मापं लिहिलेली चिठ्ठी दिली.

‘एक पैर का पट्टा बडा, एक का छोटा?’ त्यांनी विचारलं.

‘क्यूँ, नहीं हो सकता क्या?’ मी लगेच भांडणाच्या पवित्र्यात.

‘अरे बेटी, गुस्सा क्यों करती है? हम नाप पूछता है, वजह नहीं पूछता. ग्राहक को जो चाहिए सो काटेगा.’ आणि त्यांनी खरंच दोन वेगळ्या लांबीच्या नवारी मापून कापल्या, टोकं मेणबत्तीवर धरून वितळवून दिली, म्हणजे सुतं निघू नयेत. मला स्वतःची लाज वाटली. सगळं जग माझ्या बोटाच्या मागे लागलंय असं मी धरून चालले होते, आणि या माणसाला फक्त माप हवं होतं.

तिसरा जोड हलका झाला. आता प्रश्न वेळेचा. चाचणी सकाळी साडेदहाची, म्हणून आम्हीही साडेदहाच्याच उन्हात तपासायचं ठरवलं. बाबा सुट्टीच्या दिवशी सायकल घेऊन माझ्यामागे यायचे. अंतर मोजायला त्यांनी पुढच्या चाकाच्या एका स्पोकला लाल चिंधी बांधली, चाकाचा परीघ काढला आणि चिंधी किती वेळा वर आली की चार फेऱ्या होतात ते ठरवलं. चिंध्या मोजत, घड्याळ बघत, सायकल चालवत ते मागून ओरडायचे, मध्येच कुणी ओळखीचा भेटला की आकडा विसरायचे आणि मला परत पहिल्यापासून धावायला लावायचे. दोनदा मी भररस्त्यात त्यांच्यावर ओरडले. तापलेल्या डांबरावर सोल मऊ पडतो का, हे बघायला ते थांबून खाली हात लावायचे आणि आकडा पुन्हा विसरायचे.

पहिल्या दिवशी अंगठ्याच्या बेचक्यात फोड आला. आईने ते बघितलं आणि काही न बोलता बाबांच्या जुन्या धोतराची पट्टी नवारीच्या त्या भागाला गुंडाळून शिवून टाकली. दुसऱ्या खेपेला फोड नाही, पण वेळ चुकली, चांगलीच. पायात काही घालून धावायची सवय नसल्याने मी टाच आपटत धावत होते. मग एका सकाळी सँडल काढून गल्लीत अनवाणी धावले, पाय कसा पडतो ते लक्षात ठेवलं आणि लगेच सँडल घालून तसंच धावले. पाय पुढच्या बाजूने टेकायला लागला, आवाज थांबला, कुत्र्यांनी माझा नाद सोडला. तिसऱ्या आठवड्यात मी बाबांच्या घड्याळाप्रमाणे वेळेच्या आत आले. जेमतेम आत. बाबांनी सायकल रस्त्यातच आडवी टाकली आणि टाळ्या वाजवल्या. पण त्यांच्या चिंध्यांच्या हिशेबावर माझा तितकासा विश्वास नव्हता.

चाचणीच्या दिवशी आईही आली. ‘घरी बसून जीव टांगणीला लावण्यापेक्षा येते,’ म्हणाली. ठाण्याचं ते मैदान खरोखरच खडीचं होतं. मुली रांगेत उभ्या होत्या, सगळ्यांच्या पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. शिट्टी गळ्यात घातलेले एक सर पाय बघत बघत माझ्यापर्यंत आले.

‘हे काय आहे?’

‘पादत्राण,’ मी म्हटलं.

‘बूट कुठायत?’

पाच आठवड्यांत हा प्रश्न आमच्या तिघांपैकी कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. तेवढ्यात बाबा दोरी ओलांडून आत आले. आयुष्यात कुणाशी हुज्जत न घातलेला माणूस. त्यांच्या हातात ते माहितीपत्रक होतं, शेवटच्या पानावर घडी घातलेलं. ‘सर, यात बूट लिहिलेलं नाही,’ ते म्हणाले. ‘पादत्राणे लिहिलंय. हे तळ झाकतं, मागे पट्टा आहे, सुटत नाही. मी स्वतः बनवलंय.’ बोट त्यांनी त्या शब्दाखाली धरलं होतं.

सरांनी मला एक सँडल काढायला सांगितला. मी डावा काढला. त्यांनी तो दुमडला, पट्टे ओढून बघितले, मग माझा पाय बघितला, मग परत सँडलचा तो फुगवटा बघितला. बोटाने त्यावर एकदा दाबलं. ‘सुटला तर परत धावायला मिळणार नाही,’ ते म्हणाले. ‘मान्य?’

‘मान्य.’

‘उभी राहा लाइनीत.’

पहिल्या दोन फेऱ्या मला आठवतच नाहीत. तिसऱ्या फेरीत धाप लागली आणि एक तीक्ष्ण खडा बरोबर सहाव्या बोटाखाली आला. सोलला लागला, बोटाला नाही. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपण वाचलो. आईच्या समोरून गेले तेव्हा ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. तिची नजर खाली, डाव्या पायावर होती आणि ओठ हलत होते. चौथी फेरी मी बूटवाल्या दोघींना मागे टाकून संपवली आणि गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिले.

अर्ध्या तासाने सरांनी वेळेत आलेल्यांचे नंबर वाचले. माझा पाचवा होता. पास.

मी ओरडले वगैरे नाही. तिथेच खडीवर खाली बसले. इतके दिवस मी श्वास नीट घेत नव्हते, हे तेव्हा कळलं. बाबा आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला, हाताची बोटं गार होती. ‘मी त्या हॉस्पिटलला फोन करून येतो,’ ते म्हणाले आणि बूथ शोधायला रस्त्याकडे जवळजवळ धावत गेले.

आई आणि मी कुंपणाच्या भिंतीशी सावलीत बसलो. तिने माझा डावा सँडल सोडवला, पाय मांडीवर घेतला आणि पदराने धूळ पुसली. सहावं बोट दोन बोटांत धरून वळवून वळवून बघितलं. ना फोड, ना लाली. ती जिंकलेली नाही याचं तिला वाईट वाटत असेल, असं मला वाटलं.

‘तू जन्मलीस ना,’ ती म्हणाली, ‘तेव्हा सुइणीने याला घोड्याचा केस बांधला होता. मुळाशी, घट्ट. म्हणाली, आठ दिवसांत आपोआप गळून पडेल. तुझ्या आजीनेच सांगितलं होतं बांधायला. तू दोन दिवस नुसती रडत होतीस. बोट जांभळं झालं. तिसऱ्या दिवशी सगळे देवळात गेले तेव्हा मी कात्रीने तो केस कापला आणि सांगितलं, निसटला म्हणून.’

मी वाकून बोटाच्या मुळाशी बघितलं.

‘तुझ्या बाबांनाही नाही सांगितलं. मग शाळेचे बूट आले, ते स्थळ आलं. दर वेळी वाटायचं, दोन दिवसांचं रडणं सहन केलं असतं तर पोरीचा जन्म सुधारला असता. मीच घोळ केला. म्हणून आता निस्तरायला बघत होते.’ तिने अजून बोट सोडलं नव्हतं. ‘मग बरंच झालं ना गं, मी तो कापला ते?’

मला नेहमी काहीतरी उलट बोलायला सुचतं. तेव्हा सुचलं नाही. ‘बरं झालं, आई,’ मी म्हटलं. ‘फार बरं झालं.’

तिने मान डोलावली, मागे भिंतीला टेकली, आणि माझा पाय मांडीवर तसाच ठेवून दोन मिनिटांत झोपली. तोंड उघडं, पदर खांद्यावरून घसरलेला. आई कधी दिवसा झोपलेली मी पाहिली नव्हती.

बाबा घामाघूम होऊन परत आले. ‘कॅन्सल झालं,’ लांबूनच म्हणाले, आणि मग तिच्याकडे बघून थबकले. ‘उठव गं तिला. गाडी चुकेल.’

‘चुकू दे,’ मी म्हटलं. ‘दुसरी येईल.’